गाभोळीची वही

वाचकहो, ऊस, आलं, हळद, गाईम्हशी आणि बाजारभाव यांविषयी आपण या पानांवर नेहमीच वाचतो. आज मी माशाविषयी लिहिणार आहे. माळकरी मंडळींनी एवढ्यावरून पान उलटू नये. यात मासा खाण्याची गोष्ट थोडी आणि राखण्याची जास्त आहे. आणि राखण्याच्या कामात न खाणाऱ्यांचा वाटा किती मोठा आहे, ते पुढं येईलच.

मी उंब्रजच्या शिवारातला. महामार्गानं जाणाऱ्याला उंब्रज म्हणजे चाफळ-पाटणकडं वळायचा फाटा. आम्हांला मात्र उंब्रज म्हणजे संगम. डोंगरातून उतरणारी तारळी इथं कृष्णेला मिळते. कृष्णा महाबळेश्वरहून वाई, माहुली करत येते, आमच्या उशाशी तारळीला पोटात घेते आणि कराडला जाऊन कोयनेला भेटते. नदीकाठच्या माणसाला या भेटीगाठी नकाशावर पाहाव्या लागत नाहीत. पाण्याचा रंग पाहिला की पाऊस कोणत्या डोंगरात पडला ते आमच्या म्हाताऱ्या बायकासुद्धा सांगतात.

मृगाचा पाऊस लागला, ओढ्यांना पहिलं तांबडं पाणी आलं, की आमच्याकडं पोरांना घरात कोंडून ठेवता येत नाही. चढणीचे मासे! नदीतला मासा उलट्या धारेनं ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत, कधी थेट भाताच्या खाचरात शिरतो. पोरं बुट्टी, चाळण, जुनी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन धावतात. दोन दिवस घरोघर कालवणाचा वास दरवळतो. त्या मासळीला जी चव असते ती तिच्या पोटातल्या गाभोळीची. पण मासा चढतो तो काही आपल्या कालवणासाठी नव्हे. अंडी घालायला उथळ, स्वच्छ, वाहतं पाणी शोधत तो निघालेला असतो. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीला वाटेतच गाठावं, असा हा प्रकार आहे. चार-आठ दिवसांची पोरांची मौज असते, म्हणून कुणी बोलत नाही. लहान जातीचे मासे त्यातूनही तरतात, कारण त्यांची वीण भारी. एका जातीला मात्र हे सोसत नाही. ती म्हणजे खडशी.

खडशी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? कुणी तिला खडची म्हणतं. पुस्तकात महसीर म्हणतात. अंगावर रुपयाएवढाले जाड खवले, पाठ हिरवट काळी, पंख निळसर झाक मारणारे, ओठ जाडजूड आणि तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या. तोंडात दात नाहीत, पण घशात आहेत. गोगलगाय, शिंपला, झाडावरून पडलेलं फळ, काहीही ती घशात भरडते. राहणं खोल डोहात, आणि वीण मात्र वरच्या अंगाच्या गोट्या-वाळूच्या वाहत्या पाण्यात. आमच्या भोईआळीत एक म्हातारे आहेत, त्यांना सारा गाव नाना म्हणतो. त्यांच्या तरुणपणी संगमाच्या डोहात खडशी होती. नाना सांगतात, "आण्णा, खडशी गळाला लागली म्हंजी दोरी न्हाई, काळीज वढतंय आसं वाटायचं. एकदा माझ्या बाला तिनं छातीएवढ्या पाण्यात वढून न्हेला हुता."

आता नानांच्या नातवाला विचारलं, तर तो चिलापीचं नाव सांगतो. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून आलेला पाहुणा. पाहुणा घरातच राहिला आणि घरचा बाहेर गेला.

खडशी का आटली याची कारणं तुम्हांला माझ्याइतकीच ठाऊक आहेत. वर धोमला धरण, तारळीवर धरण, तिकडं कोयनेला धरण. चढायची वाट बंद. खाली कराडच्या अलीकडं खोडशीला इंग्रजांच्या काळातला बंधारा, ज्यातून कृष्णा कालवा निघतो. (खोडशी आणि खडशी, एका काना-मात्रेचा फेर, पण बंधाऱ्याला माशाचं नाव पडलं असं मी म्हणत नाही.) त्या बंधाऱ्यावरून पुराच्या दिवसांत तरी मासा वर येत असेल, उंच धरणावरून तेही नाही. वाळूचा उपसा तर ऐन अंडी घालायच्या जागीच. आणि जिलेटिनची कांडी. पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारू नयेत असा कायदा १८९७ सालापासून आहे. सव्वाशे वर्षांचा कायदा, आणि तरी उन्हाळ्यात डोहातून धडाका ऐकू येतो. खाली सांगलीकडं २०२३ च्या मार्चमध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच. तिथं तर खडशी काय नि चिलापी काय, नदीनं कुणालाच ठेवलं नाही.

रडगाणं एवढं पुरे. मला सांगायचं आहे ते वेगळंच. हा मासा परत आणता येईल का, याचा विचार काही माणसांनी फार पूर्वी केला, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात केला. त्यातून काय हाती लागलं आणि कुठं घात झाला, हे शेतकऱ्यानं समजून घेण्यासारखं आहे. कारण ही सारी बियाण्याचीच गोष्ट आहे.

त्याआधी नावाची गंमत. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरला. पिकं, माणसं, पाऊस, दगड, पक्षी, जे दिसेल ते त्यानं लिहून ठेवलं. पुण्याच्या मुळा-मुठेतले मासेही त्यानं पाहिले आणि पुढं १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नावं ठेवताना त्यानं कोळ्याभोयांच्या तोंडची नावंच लॅटिनच्या पाटीवर लावली. खडशीचं शास्त्रीय नाव आज जगभर 'टॉर खुद्री' असं चालतं. आपल्या माणसांनी जे सांगितलं ते त्याच्या इंग्रजी कानाला जसं ऐकू आलं तसं. मळ्या, शिंगटी, कोळस, नुकटा हेही असेच शास्त्रात जाऊन बसले. साइक्सनं आणखी एक नाव लिहिलं, मसुल्ला. हा मसुल्ला म्हणजे नेमका कोणता मासा यावर शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. पुष्कळांनी तो महसीर मानला. आता तो वेगळ्याच कुळीचा ठरला आहे. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? मासा राखायचा तर नावातच सारं आहे, हे कावेरीच्या गोष्टीत दिसेल.

आता लोणावळ्याला जाऊ. लोणावळ्याजवळ वळवणचं धरण आहे, टाटांच्या वीजकंपनीचं. हे पाणी इंद्रायणीच्या माथ्यावरचं. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे वळवणची खडशी ही आपल्या कृष्णेच्याच भाऊबंदकीतली. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक म्हणून काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास इथं महसीरच्या विणीचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या जोडीला पुढं एस. एन. ओगले होते. तोवर कटला, रोहू, मृगळ यांची पैदास कशी करायची ते कळलं होतं. महसीरचं मात्र कोडं होतं. ती विणते केव्हा, कुठं, अंडं केवढं, पिल्लू कसं वाढतं, याची नीट माहितीच नव्हती.

काय आढळलं ते मला फार बोलकं वाटतं. जोराचा पाऊस सुरू होऊन नवं पाणी वाहू लागलं की पिकलेल्या माद्या काठाच्या वाहत्या पाण्याकडं येतात. त्यांना हळुवार धरून पोट अगदी अलगद दाबायचं, की लिंबासारखी पिवळी अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. मग नराचं रेत त्यावर पिळून, अलगद कालवून, पाणी घालून धुवायचं. मादी जिवंत राहते आणि पाण्यात परत जाते. अंडी वाहत्या पाण्याच्या ताटांत ठेवायची. इथपर्यंत गायीच्या कृत्रिम रेतनासारखंच वाटेल. फरक पुढं आहे. रोहूचं अंडं एका दिवसाच्या आत फुटतं. महसीरचं अंडं फुटायला तीन-चार दिवस लागतात, आणि फुटल्यावरही पिल्लाच्या पोटाला बलकाची एवढी मोठी पिशवी असते की त्याला पोहता येत नाही. कित्येक दिवस ते तळाशी, कोपऱ्यात, गोट्यांच्या फटीत पडून राहतं. आणि अंडी तरी किती? रोहूची मादी किलोमागं लाख-दोन लाख अंडी देते. महसीरची किलोमागं काही हजारच. तीही एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं.

आता हे आपल्या नदीवर ठेवून पाहा. ज्या आठ-दहा दिवसांत ते पिल्लू गोट्यांत हलायलाही धजत नाही, त्याच दिवसांत वरून गाळ आला, तर ते गुदमरणार. त्या गोट्या आणि वाळूच ट्रॅक्टरमधून गेल्या, तर ते पडणार कुठं? चिलापी आपली पिल्लं तोंडात घेऊन सांभाळते, म्हणून ती कुठंही तगते. खडशीनं आपली पिल्लं नदीच्या भरवशावर टाकलेली असतात.

कुलकर्णी-ओगल्यांची आणखी एक युक्ती मला फार आवडली. महसीरची फळलेली अंडी त्यांनी पाण्याविना, नुसत्या ओल्या कापसात गुंडाळून विमानानं लांब पाठवून दाखवली आणि ते १९७९ साली शास्त्रीय पत्रिकेत छापलं. अंडं उमलायला तीन-चार दिवस घेतं, हा त्याचा मंदपणाच इथं कामी आला. पाण्याच्या पिंपाचं ओझं नाही, डबाभर ओला कापूस. आमच्या सूनबाईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मामंजी, मटकीला मोड आणायला फडक्यात बांधतो, तसंच की हे." शास्त्रज्ञांनी रागावू नये, मला तरी हे अगदी बरोबर वाटलं.

लोणावळ्याहून मग महसीरची पिल्लं नि अंडी दुसऱ्या राज्यांतही गेली. लाखांनी बोटुकली तयार झाली, तलावांत, नद्यांत सोडली. मोठं काम होतं ते, आणि त्याबद्दल त्या माणसांचे उपकारच मानले पाहिजेत. पण पुढं जे झालं ते ऐका.

कर्नाटकात कावेरी नदीत महसीरची एक निराळी जात होती. पाठीला वशिंड, पंख केशरी. वजन पन्नास किलोच्या वर जायचं. इंग्रजांच्या काळापासून गळ टाकणारे शौकीन साता समुद्रांपलीकडून तिच्यासाठी येत. मासा कमी होऊ लागला तसं तिथल्या भल्या माणसांनी ठरवलं, बीज सोडू. बीज कोणतं? जे तयार मिळत होतं ते, म्हणजे निळ्या पंखाची आपली खडशी. दोन्ही महसीरच, काय बिघडलं? मासे सोडले. ते जगले, वाढले. गळाला लागू लागले. सगळे खूष झाले की महसीर परत आला.

तिथं एक बरं होतं. शौकिनांच्या तळावर वही असे. कोणत्या दिवशी कुणी किती मासे धरले, केवढे धरले, कोणत्या प्रकारचे, हे लिहून मासा परत पाण्यात सोडायचा असा रिवाज होता. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी उलगडून पाहिल्या आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. मासे वाढले होते हे खरं. पण वाढले ते निळ्या पंखाचे. वशिंडाचा महसीर दर साली घटतच गेला होता. नुसती बेरीज पाहणाऱ्याला सारं आबादीआबाद दिसत होतं. दोन रकाने वेगळे मांडले तेव्हा घरचा मालक घराबाहेर पडलेला दिसला.

आणखी नवल म्हणजे, शंभर वर्षांहून अधिक काळ जगात नावाजलेल्या त्या वशिंडाच्या माशाला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. कावेरीला मिळणाऱ्या पांबार नदीतल्या, केरळातल्या एका माशाचं वर्णन 'टॉर रेमादेवी' या नावानं झालं होतं. तो आणि हा एकच, हे २०१८ साली सिद्ध झालं. त्याच वर्षी जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तो अगदी शेवटच्या पायरीवर, अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव मिळालं तेव्हा नामशेष व्हायची वेळ आलेली. ज्याला नावच नाही, त्याच्यासाठी राखण कोण आणि कशी करणार?

खिलार गायीच्या कळपात जर्सीचा वळू सोडून 'गाई वाढल्या' म्हणण्यासारखं हे झालं. यात लोणावळ्याच्या माणसांचा दोष नाही. बियाणं चांगलंच होतं. पेरलं दुसऱ्याच्या रानात.

मासा राखायला मोजमाप लागतं, हे समुद्रावर आता मान्य झालं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कोणती मासळी केवढी झाल्यावर पहिल्यांदा अंड्यावर येते हे अभ्यासून शिफारस केली, आणि २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत धरायचं नाही, सुरमई ३७० मिलिमीटरच्या आत नाही. पापलेट तर त्याच वर्षी राज्याचा मासा ठरला. आपण बैल घेताना दात पाहतो. अदंत खोंडाला कुणी शहाणा नांगराला जुंपत नाही, आणि एक वेत झाल्याशिवाय कालवड विकत नाही. माशाचे दात कोण पाहणार? म्हणून पट्टी लावायची. खडशीच्या खवल्यावरही वाढीची वळी असतात, जाणत्याला त्यावरून वय काढता येतं. तिची मादी अंड्यावर यायला काही वर्षं लागतात. त्याआधी ती कालवणात गेली, तर तिच्यामागं कुणीच नाही.

शास्त्र नव्हतं तेव्हा काय होतं? देव होता. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत महादेवाच्या देवळापाशी, महाडकडं वाळण कोंडीला, देवाचे म्हणून महसीर सांभाळले गेले आहेत. भाविक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे पायाशी येतात. मी म्हटलं ना, माळकऱ्यांनी पान उलटू नये म्हणून! या जागांचा अभ्यास करणारेही हेच सांगतात की देवाच्या भयानं गळ थांबतो, पण वरच्या अंगानं येणारं घाण पाणी देवाला भीत नाही.

आता आमच्या गावाची गोष्ट. गेल्या साली आमच्या तरुण मंडळानं ठरवलं की संगमावर मत्स्यबीज सोडायचं. पोरं उत्साही, कामाची. फलक तयार, पाहुणे ठरलेले. बीज कोणतं, असं मी विचारलं. "आबा, कटला, रोहू, मिळंल ते. लाखभर सोडू." कटला-रोहू हे गंगेकडचे मासे. शेततळ्यात, गावतळ्यात ते जरूर पाळावेत, चार पैसे देतात. माझ्या भावकीत दोघांनी पाळले आहेत. पण नदीत कशाला? देवळात बैठक बसली. मी कावेरीची गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, "मग खडशीचंच बीज आणू की!" हे ऐकायला बरं वाटतं. पण जिथं वीण घालायला गोटे उरले नाहीत, तिथं बोटुकली सोडून काय होणार? आणि बीज आणायचं तर ते कोणत्या नदीतल्या, किती वेगवेगळ्या नर-माद्यांचं, हे विचारूनच आणावं लागेल. एकाच वळूवर सारा कळप वाढवला तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मग मी बोलून गेलो की संगमाचा डोह आणि त्याच्या वरचा गोट्यांचा पट्टा मृगापासून हस्तापर्यंत बंद ठेवू. जाळं नको, गळ नको. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवणाऱ्यांत एकाचंही पोट माशावर नव्हतं. मागं भिंतीला टेकून बसलेले नाना उठले.

"आण्णा, तुमचा ऊस हाय, म्हशी हाईत. माझ्या पोराच्या पोटाला चार म्हयनं डोहातलं पाणी घालू व्हय?"

देवळात शांतता झाली. नानांचं काय चुकलं? पावसाळ्यातच मासा मिळतो, पावसाळ्यातच भाव असतो. आपण नदी राखायची ठरवतो तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या ताटातलं राखतो. बोलणं रात्री अकरापर्यंत चाललं. शेवटी ठरलं ते असं, की सारी नदी मोकळी राहील. फक्त तो एक डोह आणि त्याच्या वरचा गोट्यांचा पट्टा तेवढा सोडायचा. फलक नि पाहुण्यांवर जो खर्च व्हायचा होता तो भोईआळीतल्या घरांना शेततळ्यात रोहू सोडायला बीज नि खाद्य म्हणून द्यायचा, आणि तळं माझ्या पुतण्याचं वापरायचं. नाना "बघू" म्हणाले. भोई माणूस "बघू" म्हणाला म्हणजे ते नाहीपेक्षा पुष्कळ वर असतं. वाळूचे ट्रॅक्टर असणारे मात्र त्या बैठकीला आलेच नव्हते. त्यांचं अजून बाकी आहे. दोनदा गेलो, चहा झाला, बोलणं झालं नाही.

नातू कराडला शास्त्र शिकतो. तो म्हणाला, "आबा, कावेरीला वही होती म्हणून कळलं. आपल्याकडं काय आहे?" वाईला कृष्णेच्या आणि तिकडं कोयनेच्या माशांच्या याद्या संशोधकांनी केल्या आहेत, दोन्हीकडं पन्नासाच्या वर जाती निघाल्या. पण आमच्या संगमात कोणता मासा कधी पिकतो, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कुणी? नातू म्हणाला, मी पोरं घेऊन मोजतो. यावर चुलीपाशी बसलेली सूनबाई म्हणाली, "तुम्ही काय मोजणार? मासा पुरुष धरतात, पण चिरतं कोण? कुणाच्या पोटात गाभोळी कवा दिसती, ते आम्हांलाच म्हाईत."

बरोबर बोलली. साइक्सनं कोळ्याभोयांना विचारलं होतं. त्यांच्या बायकांना विचारलं होतं की नाही कोण जाणे. आता वही भोईआळीतल्या एका बाईकडं असते. पाच रकाने आहेत: तारीख, माशाचं आपल्याकडचं नाव, लांबी, गाभोळी आहे की नाही, आणि कुठं मिळाला. लांबी मोजायला शिलाईची टेप. लिहिता येत नाही तिथं शाळेतली पोरगी लिहिते. मोठी खडशी मिळालीच तर एक खवला काढून पानाला चिकटवायचा आणि मासा परत डोहात सोडायचा, असं ठरलं आहे. पहिल्या पावसाळ्यातच एक गोष्ट दिसली. जी मासळी मृगातच चढते असं आम्ही सारे धरून चाललो होतो, तिच्यातल्या काही जातींच्या पोटात गाभोळी आश्लेषा-मघांपर्यंत सापडत होती. एका पावसाळ्यानं काही ठरत नाही, नातू बजावून सांगतो. दहा वर्षांची वही झाली, तर कुणी संशोधक ती उलगडून बसेल.

खवला आतापर्यंत एकच चिकटला आहे. श्रावणात नानांच्या पोराच्या जाळ्यात, डोहाच्या बरंच खाली, वीतभर लांबीची खडशी आली. नानांनी स्वतः पाटीत पाणी घेऊन ती डोहापर्यंत नेली. वाटेत तिघांनी भाव विचारला.

तुमच्या नदीला, ओढ्याला कोणता मासा कधी चढतो आणि गाभोळी कुठवर दिसते, हे घरातल्या बायकांना विचारून मला या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवा. तारीख आठवत नसेल, तर नक्षत्र लिहिलंत तरी चालेल. तारीख आम्ही काढू.